जर्मनीत केमिस्ट्रीच्या पीएचडीची प्रवेशसूचना कधी निघते? नेट परीक्षा पास नसेल तर चालतं का?

नेटचं आधी मिटवतो: तिथे ते कोणी विचारत नाही. आणि प्रवेशसूचनेची वाट बघत असाल, तर बहुतेक ठिकाणी ती निघतच नाही. ड्रेस्डेनला येण्याआधी मीही अख्खा उन्हाळा विद्यापीठांच्या साइटवर ॲडमिशनचं पान शोधण्यात घालवला होता. जर्मनीत विज्ञानातली पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरी असते. प्राध्यापकाला प्रकल्पासाठी पैसे मिळतात, तो जागा काढतो, तुम्ही अर्ज करता, निवड झाली की करार होतो. विद्याशाखेकडे पीएचडीसाठी नाव घालायचं ते त्यानंतर. तेव्हा ॲडमिशन सोडा आणि नोकऱ्यांचं पान उघडा.

जाहिरातीत 'ई १३ टीव्ही-एल, ६५ टक्के' असं काहीतरी दिसेल. टीव्ही-एल म्हणजे राज्यांच्या कर्मचाऱ्यांचा वेतनकरार (हेसेन राज्याचा वेगळा, टीव्ही-एच) आणि ई १३ ही त्यातली श्रेणी. ६५ टक्के म्हणजे पगार ६५ टक्के. काम किती, ते लॅबमधल्या पहिल्याच महिन्यात कळतं! इंजिनिअरिंगवाल्यांना १०० टक्केही मिळतात, आपल्या केमिस्ट्रीत अर्धी किंवा दोन तृतीयांश जागा नेहमीची. तरी आकडा बघून खट्टू होऊ नका. पगारदाराच्या आरोग्यविम्यात आणि पेन्शनमध्ये मालकाचा वाटा असतो. शिष्यवृत्तीवर येणाऱ्याला विम्याची व्यवस्था बहुधा स्वतःच बघावी लागते.

जाहिराती युरॅक्सेस या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या युरोपीय साइटवर आणि डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या 'पीएचडी जर्मनी' साइटवर मिळतील, त्या सगळेच बघतात. मला उपयोग झाला तो 'गेप्रिस'चा. डीएफजी ही तिथली संशोधनाला पैसे देणारी मोठी संस्था, आणि कोणाला कुठल्या प्रकल्पासाठी पैसे मंजूर झाले त्याची ही तिची यादी, सगळ्यांना खुली. तुमच्या विषयातले नुकतेच सुरू झालेले प्रकल्प त्यात शोधा. पैसे हातात आलेत आणि माणूस अजून मिळालेला नाही, असा प्राध्यापक ईमेलला उत्तर देतो.

मात्र ईमेल त्यालाच लिहिलेला हवा. मी पहिले चाळीसेक ईमेल 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू करून फक्त नाव बदलून पाठवले होते. त्यातले दोन तर बाईंना गेले. उत्तर एकाचंही नाही. नंतर त्यांचा एक पेपर नीट वाचून, माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमधलं त्यांच्या कामाशी जुळणारं तंत्र तीन ओळींत लिहायला लागलो, तेव्हा मुलाखती आल्या. अर्जाची सगळी कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये जोडा आणि जाहिरातीला क्रमांक असेल तर तो ईमेलच्या विषयाच्या ओळीत टाका.

प्रवेशसूचनेसारखं काही हवंच असेल, तर माक्स प्लांक या तिथल्या संशोधन संस्थांच्या 'आयएमपीआरएस' शाळा, म्हणजे पीएचडीचे कार्यक्रम, बघा. तिथे शेवटची तारीख, गटाने निवड असं आपल्या ओळखीचं वातावरण असतं.

मुलाखतीत स्वतःचं काम पंधरा-वीस मिनिटांत मांडायला सांगतात. नंतर ग्रुपमधल्या पीएचडीच्या मुलांशी बोलायला मिळालं, तर लाजू नका. मागच्या दोघा-तिघांना किती वर्षं लागली आणि करार संपल्यावर पैसे कुठून आले, एवढं विचाराच. करार बहुधा तीन वर्षांचा असतो, पीएचडी त्यात क्वचितच आटपते.

आणि एम.एस्सी.च्या मूळ पदवी प्रमाणपत्रासाठी आजच अर्ज टाकून ठेवा. निवडीनंतर ते मागतात, आणि आपल्याकडे ते हातात कधी पडतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.