ओठांत सुई धरून तुर्की आशिक गातात, ते जमतं कसं?

प्रश्न: तुर्कस्तानातले कवी ओठांत सुई धरून आयत्या वेळी कवनं रचतात म्हणे. हे खरं आहे का?

हो, अगदी खरं. या प्रकाराला 'लेबदेयमेझ' म्हणतात. लेब म्हणजे ओठ, देयमेझ म्हणजे टेकत नाही. साझ हे लांब दांड्याचं तंतुवाद्य वाजवत गाणारे लोककवी म्हणजे आशिक. ते समोरासमोर बसून कडव्याला कडव्यानं उत्तर देतात, आपल्या कलगी-तुऱ्यासारखं. पूर्व तुर्कस्तानातली कार्स आणि एर्झुरूम ही शहरं या कलेचे बालेकिल्ले. आशिक परंपरा 2009 साली युनेस्कोच्या यादीत आली.

सुई दोन ओठांच्या मध्ये उभी धरतात. ओठ मिटले की टोचते, त्यामुळे चूक लपवता येत नाही. ब, प, म, व आणि फ हे पाच वर्ण वर्ज्य. ओ, उ चालतात, कारण त्यांना ओठ गोल होतात पण टेकत नाहीत.

ऐकायला सोपं वाटतं, पण तुर्की भाषाच इथे आडवी येते. 'मी' म्हणजे 'बेन', तो शब्द ब मुळे बाद. 'मी आलो' म्हणजे 'गेल्दिम', शेवटी म. नकाराचा प्रत्ययही 'मे' किंवा 'मा'. म्हणजे मूळ शब्द नीट निवडूनही शेपटीला घात होतो, आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. मुरलेला आशिक 'गेल्दिम' ऐवजी 'गेल्दिक', म्हणजे 'आम्ही आलो', म्हणतो. 'गेल्मेदी' (आला नाही) टाळून 'गेलेन योक' (येणारा कुणी नाही) म्हणतो. हृदयाला 'काल्प' चालत नाही, 'गोन्युल' चालतो, आणि तो शब्द जास्त गोडही आहे.

मराठीत करून बघा: मी, आम्ही, तुम्ही, बाप, माय सगळे बाद. 'आई' मात्र राहते.

छंदाची सूट मिळत नाही, ही मला यातली खरी कमाल वाटते. कोश्मा या प्रकारात ओळीला 11 अक्षरं आणि चार ओळींचं कडवं असतं. पहिल्या कडव्यानंतर तीन ओळींचं यमक आपापसात जुळतं, चौथीचं मात्र साऱ्या कडव्यांतून तेच चालतं. या यमकाला 'आयाक', म्हणजे पाय, म्हणतात. बऱ्याचदा श्रोते किंवा एखादा ज्येष्ठ आशिक तो नेमून देतो. त्याच शब्दात म किंवा ब असेल, तर डाव सुरू होण्याआधीच संपला. विचाराला उसंत मिळते ती दोन कडव्यांमधल्या साझच्या तुकड्यात, तेवढीच.

चित्रफीत पाहताना सुईकडे टक लावून बसू नका; ओळीच्या शेवटी क्रियापद कसं वळवलंय, तिकडे कान द्या.