तंतुकणिका: धागा की दाणा?

प्रश्न तंतुकणिका या शब्दाबद्दल, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या रचनेच्या मराठी नावाबद्दल आहे. तो एका वाचकाचा, खरं तर त्यांच्या नववीतल्या मुलीचा. तिने विचारलं, "तंतू म्हणजे धागा आणि कणिका म्हणजे बारीक कण. मग एकच वस्तू धागाही आणि कणही कशी?" त्याला जोडून वाचकाने स्वतःचे दोन प्रश्न टाकले आहेत. हा शब्द ओढूनताणून बनवलाय का, सरळ मायटोकॉन्ड्रिया म्हटलं तर काय बिघडलं? आणि हिंदीत 'कोशिका' असताना आपण 'पेशी' का म्हणतो?

मुलीचा प्रश्न पहिल्या नंबरचा आहे. शब्दात विसंगती दिसते ती खरीच आहे, पण ती मराठीने केलेली नाही. ती मूळ ग्रीकमधूनच आली आहे. 'मितोस' म्हणजे विणकाराचा धागा आणि 'खोंद्रोस' म्हणजे भरड दाणे. आपल्या स्वयंपाकघरातला शब्द वापरायचा तर कण्या. तांदूळ सडताना तुटतात, चाळणीतून खाली पडतात त्या कण्या. तेव्हा मायटोकॉन्ड्रियाचा अर्थ झाला 'धाग्यातल्या बारीक कण्या'. मराठी शब्द त्याचं जवळजवळ अक्षरशः भाषांतर आहे. 'कणिका' ऐकून काहींना पोळ्यांची कणीक आठवते. वर्गात हा विनोद दरवर्षी होतो, पण इथे संबंध कणाशी, कणीशी आहे.

हे नाव १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. शुक्रपेशी तयार होताना तो सूक्ष्मदर्शकातून बघत होता, तेव्हा त्याला बारीक कण दोऱ्यात ओवल्यासारखे एका रांगेत दिसले. जे दिसलं त्याचंच नाव ठेवलं. ही रचना पेशीत नेमकं काय करते, अन्नातली ऊर्जा एटीपी या रसायनाच्या रूपात पेशीच्या हाती कशी देते, हे उलगडायला पुढे कित्येक दशकं गेली. म्हणून नावात कामाचा पत्ता नाही, फक्त रूपाचं वर्णन आहे.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत मात्र ना धागा दिसतो ना माळ. तिथे असतो एक राजम्याचा दाणा आणि त्याच्या आत घड्या. ही आकृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून आली आणि त्यासाठी पेशीचे अतिशय पातळ काप घ्यावे लागतात. आता पडवळ डोळ्यासमोर आणा. आडवं चिरलं तर गोल चकत्या, तिरकं चिरलं तर लांबट. नुसत्या चकत्या पाहिलेला माणूस पडवळ लांब असतं यावर विश्वास ठेवेल का? तंतुकणिकांचं पुष्कळदा असंच झालं. जिवंत पेशीत त्या चमकणाऱ्या रंगाने रंगवून पाहिल्या की लांब धागे दिसतात. ते सरकतात, तुटून त्यांचे तुकडे होतात आणि ते तुकडे पुन्हा एकमेकांत मिसळतात. यकृताच्या एका पेशीत हजार-दोन हजार तंतुकणिका असतात असं सांगितलं जातं, पण ज्या वस्तू घटकेत दोनाच्या एक आणि एकाच्या दोन होतात त्या मोजायच्या तरी कशा? थोडक्यात, मुलीला सांगा: ती वस्तू खरोखरच कधी धागा असते, कधी दाणा. विसंगत वाटणारा शब्दच आकृतीपेक्षा वस्तूच्या जास्त जवळ आहे.

एक गंमत राहून जायला नको. हाच 'मितोस' मायटोसिस या पेशीविभाजनाच्या नावातही आहे, कारण पेशी विभागताना गुणसूत्रं धाग्यांसारखी दिसतात. मराठीत मायटोसिसला 'सूत्री विभाजन' म्हणतात. म्हणजे एकाच ग्रीक धाग्याचं आपण एकदा 'सूत्र' केलं आणि एकदा 'तंतू'. हिंदीने दोन्हीकडे सूत्रच ठेवलं: तिथे मायटोकॉन्ड्रिया म्हणजे 'सूत्रकणिका'. नातं हिंदीत उघड दिसतं, मराठीत झाकलं गेलं. हे मला थोडं खटकतं, पण आता शब्द रुळला आहे.

आता पेशी. इंग्रजी 'सेल' म्हणजे खोली. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप पाहिला तेव्हा त्याला रिकामे कप्पे दिसले. ते मेलेले होते, आत काहीच नव्हतं, उरल्या होत्या नुसत्या भिंती. हिंदीतली 'कोशिका' याच कल्पनेची: कोश म्हणजे वेष्टन, म्यान. 'पेशी' मात्र वेगळ्या घरातली. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आणि सुश्रुतसंहितेत शरीरात पाचशे पेशी सांगितल्या आहेत त्या म्हणजे स्नायू. हिंदीत 'मांसपेशी' म्हणजे अजूनही स्नायूच. आपण स्नायू हा शब्द मसलसाठी घेतला (सुश्रुताच्या यादीत स्नायू वेगळे आहेत, नऊशे, ते बांधून ठेवणारे) आणि मोकळी झालेली पेशी सेलला दिली. हूकला फक्त भिंत दिसली होती. मराठी शब्द भिंतीच्या आतल्या ऐवजाचा आहे, म्हणून मला तो कोशिकेपेक्षा आवडतो. हिंदीतून मराठीत आणलेल्या जाहिरातींत 'मांसपेशींच्या वेदना' दिसल्या की मात्र जीभ चावावीशी वाटते. आपले स्नायू दुखतात.

रिक्तिका म्हणजे पेशीतली साठवणीची पिशवी. तिचं नाव उलट चक्क फसवं आहे. रिक्त म्हणजे रिकामी, आणि मूळ 'व्हॅक्युओल'चा अर्थही तोच. पण वाढलेल्या वनस्पतिपेशीची बहुतेक जागा हीच रिक्तिका व्यापते आणि ती भरलेली असते. बीट चिरताना बोटं लाल होतात तो रंग रिक्तिकेतला, लिंबाचा आंबटपणाही तिथलाच. लयकारिका म्हणजे पेशीतला लायसोसोम. तिच्यातली 'लय' गाण्यातली नव्हे आणि 'लय भारी'तली तर नव्हेच. ती उत्पत्ती-स्थिती-लय यातली: टाकाऊ माल विरघळवून टाकणारी.

मायटोकॉन्ड्रिया म्हणायला काहीच हरकत नाही, बारावीनंतर सगळे तेच म्हणतात. फक्त 'एक मायटोकॉन्ड्रिया' म्हणू नका. तो अनेकवचनी शब्द आहे, एक असेल तर मायटोकॉन्ड्रियन. मराठी शब्दाला ही कटकट नाही. एक तंतुकणिका, शंभर तंतुकणिका, जशी एक शाळा, शंभर शाळा. फरक दिसतो तो विभक्ती लागल्यावर: तंतुकणिकेत, तंतुकणिकांत.

आणि लिहिताना 'तंतूकणिका' असं दीर्घ लिहू नये. तंतू सुटा असेल तर दीर्घ, समासात आला की मुळातला ऱ्हस्व परत येतो. पेशी मुळातच दीर्घ आहे, त्यामुळे 'पेशीभित्तिका'त ती दीर्घच राहते.