भयकथेच्या कव्हरसाठी झिजलेल्या, हाताने काढल्यासारख्या अक्षरांचा मराठी फॉन्ट फुकट कुठं मिळेल?

गूगल फॉन्ट्सवर कलम आहे, यात्रा वन आहे. कलम हस्ताक्षराचा, यात्रा वन मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. चांगलेत दोन्ही, पण भीती एकातही नाही. आणि कृपा करून इंग्रजी हॉररसारखे रक्ताचे ओघळ अक्षरांखाली सोडू नका.

हे एवढं का सांगायलो तर २०११ ला उदगीरला आमच्या कॉलेजच्या एकांकिकेचं पोस्टर मी केलं होतं, नाव 'मळा'. वडील पेंटर. गल्लीत एका चुन्याच्या भिंतीवर त्यांनीच कधीकाळी लिहिलेली जाहिरात होती, खालून ओल चढून कान्यांचे पाय पोपडे होऊन गळालेले, लाल रंग उन्हानं उडालेला, काळा तेवढा राहिलेला, शिरोरेषा मधीच तुटलेली. दिवेलागणीला तिकडं बघितलं की पोटात कसंतरी व्हायचं. चार रात्री बसून वडिलांच्याच जुन्या ब्रशनं तेच कागदावर उतरवलं, म आणि ळ च्या मधी शिरोरेषा तोडली अन् 'ळा' जरासा खाली सोडला.

फ्लेक्सवाल्यानं मला न विचारता त्याला ओघळ जोडले, वरून डाग उडवले. म खालचा ओघळ असा वळला की गेटवर 'मुळा' लागला, त्यावर डागाचा अनुस्वार. सगळं कॉलेज हसलं. आणि तो माणूस वडिलांसमोर म्हणतो, पोराचं अक्षरच कच्चं, शिरोरेषा तुटलीय. वडील गप्प राहिले, ते मला आजही लागतं.

अहो, इंग्रजी अक्षराच्या वरखाली बरीच जागा मोकळी असते, आपल्याकडं वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. तिथं पडलेला डाग लोक वाचतात! झीज दाखवायची ती शिरोरेषेत आणि दांड्याच्या आतच.

कव्हरला चार-पाच अक्षरं लागतात, त्याला फॉन्ट कशाला? फॉन्टमधले दोन र हुबेहूब सारखे दिसले की खोटेपणा उघडा पडतो. एका अक्षराची दोन-तीन रूपं आलटूनपालटून येतील असं ओपनटाईप या फॉन्ट-फाईलच्या प्रकारात करता येतं, पण जोडाक्षरं धरून शेकडो आकार काढत बसावे लागतील. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर चुन्याचा हात मारा, पोस्टर कलरनं लिहा, वाळल्यावर पॉलिश पेपरनं खालून घासा, स्कॅन करा आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधी ट्रेस करा.

हां, दहा-बारा पुस्तकांची मालिका असेल तर मात्र फॉन्ट करून घ्या, त्यासाठी फॉन्टफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आणि कव्हर मोबाईलवर अंगठ्याएवढंच दिसणार असेल तर बारीक भेगा बुजून जातात, तोडायचं ते ठळक तोडा.

तुमचा प्रिंटरही म्हणेल शिरोरेषा नीट करून देतो. त्याला मूळ फाईल देऊच नका, पीडीएफ द्या आणि पहिली प्रिंट निघताना स्वतः मशीनजवळ उभं राहा.