बांबू फोडायला, बाभळीच्या फांद्या तोडायला स्वस्त आणि मजबूत सुरा कोणता घ्यावा?
चकचकीत ऑनलाइन सुऱ्यांच्या नादी लागू नका. गावच्या लोहाराकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा सुरा घडवून घ्या. हे स्प्रिंगचं पोलाद दणका सोसतं. पातं ६-७ इंच, पाठ ५ मिमी जाड असली की झालं.

मुख्य म्हणजे पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध हवी आणि मुठीला आरपार रिव्हेट हवेत. माझा बाजारातला पहिला सुरा धुऱ्यावरची बाभूळ छाटताना मुठीतच मोडला. आत जेमतेम दोन इंचांचं टोक खुपसलेलं होतं.

पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे लालभडक तापवून एकदम थंड करून कडक करायचं, ते तेलात बुडवून, हे लोहाराला आधीच सांगा. साध्या पाण्यात याला तडा जाऊ शकतो. मग धारेवर कानस फिरवून पाहा. सहज शिरली, तर पातं मऊ राहिलंय, परत करायला लावा. पावसाळ्यात गंज चढतो, म्हणून काम झालं की पुसून जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा.