जावावर दोन वर्षं काम केलंय, महिन्यावर टेक्निकल इंटरव्ह्यू आलाय. लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवरचे १८० प्रश्न सोडवले तरी धाकधूक आहे. अजून किती सोडवू?

आता नवीन प्रश्न सोडवू नका. त्या १८० मधले वीस निवडा आणि कोऱ्या कागदावर, मोठ्याने बोलत, पुन्हा सोडवा. मोठ्याने म्हणजे खरंच मोठ्याने. घरचे बघतील, बघू द्या.

हे मी मार खाऊन शिकले. माझा पहिला इंटरव्ह्यू हिंजवडीत होता. प्रश्न अगदी ओळखीचा: यादीतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते? घरी हा मी दोनदा सोडवला होता. तिथे मात्र डोक्यात मराठीत विचार चाललेला आणि तो इंग्रजीत कसा मांडायचा तेच सुचेना, म्हणून मी गप्पच बसले. दोन लूप (प्रत्येक संख्या बाकी प्रत्येकीशी ताडून बघणारे) लिहिले, खोडले, हॅशमॅप (आधी पाहिलेली संख्या चटकन शोधून देणारी नोंदवही) लिहिला. पंधरा मिनिटं चकार शब्द नाही. कोड बरोबर आला. समोरच्यांनी विचारलं, "पहिलं का खोडलंत?" मी म्हटलं, "हे फास्ट आहे." "किती फास्ट?" पुन्हा गप्प. दोन दिवसांनी नकाराची मेल.

आता मी स्वतः पॅनेलवर बसते, तेव्हा मला ऐकायचं असतं ते साधारण असं: "ऋण संख्या असतील का? यादी केवढी असेल? एक लाखाची असेल तर दोन लूपमध्ये जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतील. हॅशमॅप ठेवला तर यादीवरून एकच फेरी, पण मेमरी जास्त लागेल." एवढं बोललात की निम्मं काम झालं. आणि एक खोच: आधी मॅपमध्ये जोडीदार शोधायचा, मग संख्या आत टाकायची. उलट केलंत तर बेरीज ६ हवी असताना एकटा ३ स्वतःशीच जोडी जमवून मोकळा होतो. हे जो स्वतःहून सांगतो, त्याचं इंग्रजी अडखळलं तर मला काही फरक पडत नाही. माझं अजून अडखळतं.

सीव्हीवर जावा लिहिलंय म्हणजे हॅशमॅप आतून विचारणारच. इक्वल्स (दोन वस्तू सारख्या का, ते ठरवणारं) ओव्हरराइड केलं, म्हणजे स्वतःचं लिहिलं, आणि हॅशकोड (वस्तू मॅपच्या कोणत्या कप्प्यात जाते, ते ठरवणारा आकडा) विसरलं तर मॅपमध्ये टाकलेली वस्तू परत का सापडत नाही? कारण इक्वल्सच्या लेखी सारख्या असलेल्या दोन वस्तूंचे हॅश वेगळे येतात आणि शोध भलत्याच बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, होतो. एकच संख्या असलेले दोन इंटिजर ऑब्जेक्ट डबल-इक्वल्सने (==) ताडून बघा: १२७ ला ट्रू, १२८ ला सहसा फॉल्स. का, ते शोधून काढा, दहा मिनिटांचं काम आहे. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत, "दुसऱ्या क्रमांकाचा पगार" हमखास येतो. सर्वात जास्त पगार दोघांना असेल तर तुमची क्वेरी काय देते, तेवढं बघून ठेवा. सिस्टिम डिझाइनमागे (मोठी प्रणाली कशी उभारायची, असल्या प्रश्नांमागे) दोन वर्षांच्या अनुभवावर फार लागू नका.

सगळ्यात जास्त लोक पडतात ते मात्र स्वतःच्याच सीव्हीवर. "रिपोर्टचा वेग वाढवला" असं लिहिलेलं असतं. आधी किती सेकंद लागत होते? इंडेक्स (डेटाबेसमधला शोध वेगवान करणारी सूची) टाकला का? कोणत्या कॉलमवर? तोच का? तिसऱ्या प्रश्नाला "ते टीममधल्या एकाने केलं होतं" असं उत्तर येतं. टीममधल्याने केलं असेल तर तसं सुरुवातीलाच सांगा, किंवा ओळ काढून टाका. प्रत्येक ओळीवर स्वतःला तीनदा "का" विचारा.

ऑनलाइन असेल तर आदल्या दिवशी साध्या नोटपॅडमध्ये कोड लिहून बघा, आपोआप शब्द पूर्ण करून देणारं काही नसताना हात कसा चालतो ते कळेल. आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद ठेवा. एका मुलाच्या शेअर केलेल्या स्क्रीनवर मध्येच आईचा मेसेज झळकला, "झाला का रे?" मी म्हटलं, सांगा त्यांना, अजून अर्धा तास आहे. तो हसला आणि त्यानंतर कुठे धड बोलायला लागला.