गवताचा कस आणि पुढची पदवी

प्रश्न : मी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. हवेच्या प्रदूषणामुळे कुरणातल्या गवताचा कस कमी होतो का, यावर पुढे काम करायचं आहे. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात करू की पर्यावरणशास्त्रात? घरचे म्हणतात, गवताचा अभ्यास करून पोट भरणार आहे का?

उत्तर : घरच्यांनी पोटाचा विषय काढला ते बरंच झालं. पर्यावरणशास्त्रात तू हवा मोजायला शिकशील, वनस्पतिशास्त्रात पान ओळखायला. गवताचा कस मात्र जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या पोटात ठरतो, आणि ते शिकवतात पशुपोषण विभागात. तुझ्या यादीत तोच नाही.

प्रदूषणातून तयार होणारा जमिनीलगतचा ओझोन पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि पान अकाली म्हातारं होतं. काही गवतांत लिग्निन, म्हणजे न पचणारा काष्ठी भाग वाढून पाचकता घटते. लांबून कुरण हिरवंगारच दिसतं. क्लोव्हरसारख्या शेंगवर्गीय वनस्पती याबाबत गवतापेक्षा हळव्या. त्यांच्या पानांवर शिरांच्या मधे बारीक फिकट ठिपके येतात. मिश्र कुरणात त्या मागे पडल्या की चाऱ्यातली प्रथिनंही घटतात.

प्रदूषित हवेतून उतरणाऱ्या नायट्रोजनचं उलटं. त्याने क्रूड प्रोटीनचा, म्हणजे चाऱ्यातल्या ढोबळ प्रथिनांचा आकडा वाढूही शकतो, म्हणजे 'प्रदूषण आलं की कस गेला' इतकं हे सरळ नाही. शिवाय केल्डाल पद्धतीत आपण नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतो, प्रथिन थेट मोजतच नाही. आणि जादा नायट्रोजन मिळाला की मोजकी जोमदार गवतं बाकीच्यांना दाबून टाकतात. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1856 पासून चालू असलेल्या पार्क ग्रास प्रयोगात नायट्रोजन खत दिलेल्या वाफ्यांत हेच झालं.

आता एक साधा प्रश्न. फ्लोराइड तपासायला गवत पाठवताना ते धुशील का? वनस्पतिशास्त्राची सवय म्हणून धुशीलच, आणि पानाच्या आत किती शिरलं ते कळेलही. पण गाय गवत धुऊन खात नाही! ॲल्युमिनियमच्या कारखान्याजवळ किंवा वीटभट्टीजवळ पानावर बसलेलं फ्लोराइडही तिच्या पोटात जातं. वाढत्या वयात ते जास्त गेलं तर दातांवर डाग पडतात, पुढे जनावर लंगडू लागतं. म्हणून नमुने दोन ठेवायचे, धुतलेला आणि न धुतलेला.

तेव्हा माझं मत असं : एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रातच कर, पण प्रकल्पाला सहमार्गदर्शक पशुपोषणातले घे. एनडीएफ आणि एडीएफ (चाऱ्यातल्या तंतूंची दोन मापं), लिग्निन आणि प्रयोगशाळेतली कृत्रिम पाचकता चाचणी स्वतःच्या हाताने करायला शीक. संख्याशास्त्र टाळू नकोस. फक्त याच विषयावरच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे घरी लपवू नकोस. पण चाऱ्याचं विश्लेषण येणाऱ्याला पशुखाद्य उद्योगात आणि तपासणी प्रयोगशाळांत काम मिळू शकतं.

अर्ज भरण्याआधी एखाद्या चारा प्रयोगशाळेत पंधरा दिवस काढ. वाळलेलं गवत दळताना नाकातोंडात जाणारा भुसा सोसला, तर मला पुन्हा लिही.