वाचक विचारतात : चाळीमागचा टॉवर मागे का कलतो?

प्रश्न : लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला जातेय. ती पाडण्याआधी चाळ आणि मागचा नवा टॉवर एकाच चित्रात घ्यायचाय, चित्रकार सुधीर पटवर्धनांच्या चित्रांत असतो तसा. मोबाइलच्या फोटोवरून काढलं, तर टॉवर मागे कलतो आणि माणसं कुठे बाहुल्या, कुठे राक्षस होतात. असं का?

उत्तर : टॉवरचं टोक फ्रेममध्ये बसावं म्हणून मोबाइल वर कलवला, की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरून, मोबाइल ओळंब्यात धरून फोटो घ्या. टोक कापलं गेलं तर खुशाल जाऊ द्या. मोबाइलची साधी लेन्स रुंद असते. तिच्यात जवळची चाळ फुगते, लांबचा टॉवर आक्रसतो. म्हणून जमेल तेवढं मागे जाऊन दुप्पट झूमवर घ्या.

माणसांसाठी आधी दृष्टिरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेषा, आखा. तुमचे डोळे रस्त्यापासून २० फुटांवर असतील, तर सपाट रस्त्यावरचा ५ फुटी माणूस, जवळ असो की लांब, आपल्या पावलांपासून दृष्टिरेषेपर्यंतच्या अंतराचा पाव भाग व्यापतो. रस्त्यावर उभं राहून पाहिलंत, तर मोठ्या माणसांची डोकी जवळपास रेषेवरच येतात. चाळ गॅलरीतून आणि माणसं रस्त्यावरून काढून डकवली, की राक्षस झालेच!

आता पटवर्धन. ठाण्यात १९७५ ते २००५ रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना त्यांनी ‘पोखरण’, ‘लोअर परळ’ (२००१) अशी चित्रं केली. त्यांच्या शहरचित्रांत बऱ्याचदा वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेलं एकत्र जुळवलेलं असतं. तुम्हालाही तसं करायचं, तर जोड झाड, विजेचा खांब किंवा बांधकामाच्या पत्र्यांमागे लपवा. तो उघडा राहिला की रस्ता मध्येच मोडल्यासारखा दिसतो. आणि कच्ची स्केचेस जागेवर बसूनच करा. कोणत्या दारापुढे पिंप आहे आणि कोणती खिडकी बुजवलीय, ते फोटोच्या काळोखात हरवतं.

प्रश्न : जलरंगात गंजका पत्रा आणि निळी ताडपत्री शेजारी आली, की सगळं मातकट होतं.

उत्तर : पत्र्याचा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि ताडपत्रीचा निळा अल्ट्रामरीन ओले असताना भेटले, की करडा रंग होणारच. जिन्याखालच्या सावलीला तो उत्तम, इथे नको. आधी ताडपत्री रंगवा, पूर्ण वाळल्यावर पत्रा. पावसाळ्यात ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद वरून वाळलेला दिसतो, आत ओल असते. हाताची मागची बाजू टेकवून पाहा. गार लागला तर थांबा. थांबवत नसेल, तर दोन्ही रंगांमध्ये काडीएवढी कोरी फट सोडा, नंतर बुजवता येते.